वाचकांचे प्रश्न : मराठी मजकुराला अक्षर कोणते द्यावे?

मजकुराच्या अक्षररचनेविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. सांगलीतल्या एका छापखान्यात तरुणपणी खिळे जुळवण्यापासून माझे काम सुरू झाले आणि आज ते संगणकाच्या पडद्यावर येऊन पोहोचले आहे. साधने पार बदलली, परंतु वाचणाऱ्याचा डोळा तोच राहिला. त्यामुळे काही उत्तरांत जुन्या छापखान्याचा उल्लेख येईल, तो कामाचा वाटला म्हणूनच आला आहे असे समजावे.

प्रश्न : माझ्या दिवंगत वडिलांनी वाईच्या घाटांवर लिहिलेले चाळीसेक लेख आम्ही संकेतस्थळावर ठेवत आहोत. भाच्याने पाच-सहा फॉन्ट लावून पाहिले. शीर्षकात प्रत्येक फॉन्ट सुरेख दिसतो, पण दोन परिच्छेद वाचले की डोळे शिणतात आणि काही शब्द तर चुकीचे छापल्यासारखे वाटतात. फॉन्ट निवडावा तरी कसा? नमुन्यासाठी एक लेख सोबत पाठवत आहे. — एक वाचक भगिनी, वाई

उत्तर : आपण फॉन्टची पारख शीर्षकावरून करत आहात, अडचण तिथून सुरू होते. शीर्षकात चार शब्द असतात, ते मोठे असतात आणि त्यांच्याभोवती मोकळी जागा असते, त्यामुळे तिथे बहुतेक सगळेच फॉन्ट शोभून दिसतात. लेखात मात्र हजार-दीड हजार शब्द लहान आकारात एकापाठोपाठ वाचायचे असतात. म्हणून शीर्षकाचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि फॉन्टची परीक्षा वडिलांच्याच मजकुरावर घ्यावी.

पाठवलेल्या लेखातले एक वाक्य घेतो : “पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवरून पाणी चढू लागले, की दुसऱ्या टप्प्यावरच्या मूर्तींना नदीच जणू स्नान घालते.” परीक्षेसाठी याहून चांगले वाक्य मला शोधूनही मिळाले नसते. यातला ‘पायऱ्यांवरून’ हा शब्द पाहा. ‘ऱ्या’मधला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र मराठीच्या रोजच्या वापरातला आहे आणि हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे केवळ हिंदी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या काही फॉन्टांत त्याच्याकडे दुर्लक्ष झालेले आढळते. तिथे र पाय मोडलेला दिसतो किंवा त्याच्याखाली एक उपरे टिंब उमटते. त्यानंतर ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या. ‘तीं’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे अगदी थोड्या जागेत बसवावी लागतात. फोनवर, नेहमीच्या वाचनाच्या आकारात, ही तिन्ही चिन्हे वेगवेगळी ओळखू आली तर फॉन्ट पुढच्या परीक्षेला पात्र ठरतो. त्यांचा एकच काळा ठिपका होत असेल, तर तो फॉन्ट शीर्षकासाठी ठेवावा आणि मजकुरासाठी दुसरा पाहावा.

चुकीचे छापल्यासारखे वाटणारे शब्द दोन कारणांनी तसे दिसतात आणि दोन्ही कारणे वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले कारण टंकलेखनाचे आहे. ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ टंकला गेला, तर फॉन्ट कितीही उत्तम असला तरी सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात आणि ‘आचाऱ्यांनी’ केलेला स्वयंपाक ‘आचार्यांच्या’ नावावर जातो. ही चूक फॉन्ट बदलून जात नाही, मुद्रितशोधनाने जाते. दुसरे कारण ल आणि श यांच्या वळणाचे आहे. आपण शाळेत पाकळ्यांचा ल आणि देठाचा श गिरवला. हिंदीच्या वळणात ल ला उजवीकडे उभा दंड असतो आणि श ची शेंडी फुटलेली असते. संगणकाच्या लेखी ही दोन वळणे म्हणजे एकच अक्षर आहे, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्यांना एकच क्रमांक दिलेला आहे. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, परंतु मराठी वळण पडद्यावर येण्यासाठी पानाची भाषा मराठी आहे अशी खूण पानाच्या मूळ संकेतनात असावी लागते. तयार साच्यावर उभारलेल्या संकेतस्थळांत ही खूण पुष्कळदा इंग्रजीचीच राहून गेलेली असते. भाच्याला सर्वांत आधी ती पाहायला सांगावे. कदाचित फॉन्ट न बदलताच ‘लागले’ आणि ‘घालते’ हे शब्द वडिलांच्या हस्ताक्षरातल्यासारखे दिसू लागतील.

आता नावे घेऊन सांगतो. विंडोज २००० पासून अनेकांच्या संगणकावर आलेला ‘मंगल’ हा थोर अक्षरकार रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे काम आहे. त्या काळच्या भरड पडद्यावर, मेनू आणि सूचनांच्या लहान आकारात देवनागरी सुवाच्य दिसावी हे त्याचे प्रयोजन होते आणि ते त्याने उत्तम पार पाडले. लांब लेखासाठी मात्र तो घडवलेला नाही, त्यामुळे परिच्छेदामागून परिच्छेद त्यात वाचताना शीण येतो. एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ मोकळ्या वळणाचा, सारख्या जाडीच्या रेषांचा आहे आणि तो अगदी बारीकपासून अतिठळकपर्यंत सात वजनांत मिळतो. आपले बहुतेक वाचक फोनवर वाचणारे असतील, तर तो निर्धास्त घ्यावा. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट तर हिंदी आणि संस्कृत यांच्यासाठीच्या आपल्या भावंडांपासून वेगळा, मराठीच्या वळणांसाठी म्हणून केलेला आहे. त्याच्या रेषेत जाड-बारीकपणा आहे आणि छापील पुस्तकाचा गंभीरपणा आहे. घाटांवरच्या लेखांना मी स्वतः तोच देईन. त्याला ठळक वजन नाही, एवढे ध्यानात ठेवावे. जे वजन फॉन्टात नाही ते मागितले, की ब्राउझर अक्षराला स्वतःच काळे फासून जाड करतो आणि ध, घ, भ यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते. तेव्हा तिरो घेतल्यास उपशीर्षके आकाराने मोठी करावीत, किंवा तेवढ्यापुरता ‘मुक्त’चा ठळक घ्यावा. एका पानावर दोन फॉन्ट पुरेसे असतात, तिसरा आला की पानाचा एकजीवपणा जातो.

एवढे सगळे लिहूनही माझे मत असे आहे, की आपले डोळे शिणण्यामागे फॉन्टपेक्षा ओळींमधले अंतर अधिक कारणीभूत असावे. रोमन अक्षरांसाठी ठरवलेले अंतर देवनागरीला अपुरे पडते, कारण आपल्या अक्षराच्या डोक्यावरही चिन्हे असतात आणि पायाशीही. वरच्या ओळीत ‘मुद्द्यांचा’ आणि बरोबर त्याच्याखाली ‘कीर्तींचा’ आला, की वरच्या जोडाक्षराचा पाय आणि खालच्या शब्दाचा रफार एकमेकांना भिडतात. छापखान्यात आम्ही ओळींच्या मध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालत असू. त्यांना लेड म्हणत. ज्या जुळाऱ्याकडे मी काम शिकलो, ते पहिल्या मुद्रितावर शब्द न वाचता कागद हातभर लांब धरून नुसत्या ओळी पाहत. पांढऱ्या पट्ट्या एकसारख्या वाहताना दिसल्या तर ते पुढे वाचू लागत, नाहीतर कागद परत देऊन आणखी एक लेड घालायला लावत. हीच परीक्षा पडद्यावरही घेता येते. पडद्यावरच्या मजकुरासाठी ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.७ पटीपासून सुरू करावी आणि लांब लेखांत १.८ पर्यंत न्यायला हरकत नाही. अक्षराचा आकारही वाढवावा. ब्राउझरचा मूळ आकार १६ पिक्सेलचा असतो, पण देवनागरीत त्याच मापातली बरीच उंची मात्रा आणि उकार यांसाठी राखून ठेवावी लागते, त्यामुळे मूळ अक्षर रोमनपेक्षा लहान दिसते. १८ किंवा १९ पिक्सेल ठेवल्यास वयस्कर वाचकांना चष्मा पुढे-मागे करावा लागणार नाही.

मोठ्या पडद्यावर एका ओळीत दहा-बारा शब्दांहून अधिक येऊ देऊ नयेत. त्याहून लांब ओळीच्या शेवटी पोहोचलेला डोळा परतताना पुढची ओळ चुकतो. मजकूर डावीकडे जुळवावा आणि उजवी कड मोकळी सोडावी. दोन्ही कडा सारख्या करण्याचा मोह सोडलेला बरा. आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात आणि ‘घाटावरच्यांनासुद्धा’ यासारखा शब्द ओळीत मावला नाही तर सबंध खाली जातो; मग वरच्या ओळीतल्या उरलेल्या शब्दांत एवढी भोके पडतात, की परिच्छेदातून उभे पांढरे ओहोळ वाहू लागतात. अक्षराचा रंग फिका राखाडी ठेवण्याची टूम आपल्या भाच्यानेही उचललेली दिसते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक किमान ४.५ : १ असावा असा संकेतस्थळांच्या सुगम्यतेचा सर्वमान्य निकष आहे. देवनागरीच्या बारीक चिन्हांसाठी मी त्याच्याही बराच पुढे जाईन आणि पांढऱ्या किंवा किंचित पिवळसर पार्श्वभूमीवर जवळजवळ काळे अक्षरच ठेवीन.

प्रश्न : आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाची मांडणी यंदा विद्यार्थीच करत आहेत. ती मुले महत्त्वाचे शब्द कधी तिरपे करतात, कधी अधोरेखित करतात, आणि शीर्षकातली अक्षरे लांब लांब ठेवतात. मला ते खटकते, पण नेमके कारण सांगता येत नाही. — एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, आपल्याला खटकते ते योग्यच आहे आणि त्याचे कारण लिपीच्या घडणीत आहे. इंग्रजी शीर्षकांत अक्षरे विरळ ठेवतात ती पाहून मुले तसे करत असावीत. रोमन अक्षरे सुटी असतात, ती दूर नेली तरी प्रत्येक अक्षर आपल्या जागी पूर्ण राहते. आपली अक्षरे शिरोरेषेने एकमेकांचा हात धरून उभी असतात. त्यांच्यात अंतर घातले, की रेघ तुकड्यातुकड्यांनी तुटते, काना आपल्या अक्षरापासून सुटतो आणि ‘सातारा’ हा शब्द वाचताना डोळा तीन ठिकाणी अडखळतो. शीर्षकाला भारदस्तपणा आणायचा असेल, तर आकार वाढवावा, ठळक वजन घ्यावे, किंवा शीर्षकाच्या वर-खाली भरपूर कोरी जागा सोडावी. मुलांना एक प्रयोग करायला सांगा. एकच शीर्षक दोन कागदांवर छापून घ्यावे, एकावर अक्षरे विरळ आणि दुसऱ्यावर जशीच्या तशी. मग दोन्ही कागद वर्गाच्या भिंतीवर लावून शेवटच्या बाकावरून वाचावेत. आपल्याला वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

तिरपे अक्षर ही रोमन लिपीतली एक स्वतंत्र लेखनशैली आहे आणि तिला तिचा इतिहास आहे. देवनागरीच्या परंपरेत ती नाही. मुलांनी तिरपेपणाचे बटण दाबले, की संगणक बहुधा सरळ अक्षरच यंत्रवत एका बाजूला कलंडवतो; उभे दंड पडायला आल्यासारखे दिसतात, त्याने शब्दावर जोर मात्र येत नाही. पुस्तकांची आणि नियतकालिकांची नावे एकेरी अवतरणात द्यावीत, खरोखर जोर द्यायचा असेल तो शब्द ठळक करावा, आणि एका पानावर असे शब्द दोन-तीनच असावेत. अधोरेषा तर टाळावीच. ती उकार आणि ऋकार यांना मधोमध कापत जाते, आणि ‘मुळे’ हा शब्द ‘मळे’सारखा वाचला जाण्याची वेळ येते. शिवाय पडद्यावर अधोरेषेचा अर्थ दुवा असा रूढ झालेला असल्याने वाचक त्यावर बोट टेकवून पाहतो.

मुलांकडून मांडणी करून घेत आहात, याचा मला मनापासून आनंद वाटला.

प्रश्न : आमच्या घराण्यातल्या जुन्या पोथ्यांची माहिती देणारी पुस्तिका तयार करत आहे. सर्व मजकूर पोथीसारख्या दिसणाऱ्या अक्षरात छापावा अशी इच्छा आहे. ते योग्य होईल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : आपण मिरजेत राहून हा प्रश्न विचारता, म्हणून आपल्याच गावातले उदाहरण देतो. १८०५ मध्ये मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. मराठी मुलखातल्या मुद्रणाच्या इतिहासात या गीतेला मानाचे स्थान आहे. त्या पद्धतीत सबंध पान एकसंध कोरले जाई. कोरणाऱ्याला जिथे जागा कमी पडे तिथे तो अक्षर थोडे आवळी, जिथे मात्रा खालच्या अक्षराला लागे तिथे ती जराशी वर घेई, कारण प्रत्येक अक्षर त्या जागेसाठीच घडत असे. पोथी लिहिणाऱ्या लेखकाचा बोरूही असाच चाले. फॉन्टला ही मोकळीक नसते. त्यातला ‘की’ पानावर शंभर वेळा आला तर शंभर वेळा तोच ‘की’ उमटतो. त्यामुळे बोरूच्या झोकाची नक्कल करणारी अक्षरे दोन ओळींत मोहक दिसतात आणि सबंध पानावर तोच झोक यांत्रिकपणे परतत राहिल्याने नजरेला जड होतात. आणखी एक गोष्ट अशी, की पोथीतला मजकूर पुष्कळदा वाचणाऱ्याला पाठ किंवा ओळखीचा असे आणि तो सावकाश, मोठ्याने वाचला जाई, म्हणून शब्द सलग लिहिले तरी चालत असे. आपली पुस्तिका अनोळखी वाचक मनातल्या मनात, भराभर वाचणार आहेत.

तेव्हा पोथीवळणाचे अक्षर मुखपृष्ठ, प्रकरणांची शीर्षके आणि पोथीतली मूळ अवतरणे यांच्यापुरते राखावे, आणि आपले विवेचन साध्या, जाड-बारीक रेषेच्या मजकूर-फॉन्टात द्यावे. अशा फॉन्टातही बोरूची आठवण शिल्लक असतेच. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे खिळे ओतले, त्यांत बोरूचे वळण आणि छपाईला लागणारी शिस्त यांचा असा मेळ बसला, की संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. घरातल्या पोथीच्या एका पानाचे स्वच्छ छायाचित्र पुस्तिकेत पूर्ण पानभर छापावे, असेही सुचवतो. खरे अक्षर शेजारी असले, की त्याची नक्कल करण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : पंधरा वर्षांपूर्वी टंकून ठेवलेला माझा मजकूर नव्या फॉन्टात घेतला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर बिघडला आहे का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : मजकूर बिघडलेला नाही, तो जुन्या पद्धतीने साठवलेला आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले असत. संगणक साठवत होता रोमन अक्षर आणि फॉन्ट दाखवत होता ‘क’चा अर्धा भाग किंवा एखादी वेलांटी. फॉन्ट काढून घेतला, की आतले खरे अक्षर उघडे पडते. आपला मजकूर ज्या फॉन्टात होता त्याचे नाव शोधून त्याच फॉन्टासाठीच्या रूपांतरकातून तो युनिकोडमध्ये घ्यावा. एका फॉन्टचा रूपांतरक दुसऱ्याला चालत नाही. रूपांतरानंतर प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून वाचणे अटळ आहे. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेलेली असते, रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, आणि ‘ऱ्य’, ‘श्र’, ‘द्ध’, ‘ॲ’ ही ठिकाणे हमखास चुकतात. या खुणांचा आधी शोध घेतला तर निम्मे काम हलके होते. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी आणि दुरुस्त्या तिच्या प्रतीवरच कराव्यात.

प्रश्न : मराठी मजकुरात अंक मराठी असावेत की इंग्रजी? — एक वाचक भगिनी, कऱ्हाड

उत्तर : ललित आणि वैचारिक लेखनात मराठी अंकच असावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मराठी ओळीत मध्येच इंग्रजी अंक आले, की वेगळ्या उंचीचे चार आकार तिथे उपरे उभे राहिल्यासारखे दिसतात. दूरध्वनी क्रमांक आणि बँकेचे तपशील, जे वाचकाला उतरवून घ्यायचे किंवा यंत्रात भरायचे असतात, ते इंग्रजी अंकांत दिले तर सोयीचे पडते. एका मजकुरात एकाच कामासाठी दोन्ही तऱ्हा येऊ देऊ नयेत. फॉन्ट ठरवताना १ आणि ९ शेजारी शेजारी टंकून लहान आकारात पाहावेत, तसेच ५ आणि ८ यांची वळणे आपल्या सवयीची आहेत ना हेही तपासावे. सनावळ्यांनी भरलेल्या लेखात १९११ हा आकडा एका नजरेत वाचता आला नाही, तर तो फॉन्ट कितीही देखणा असला तरी दुसरा घ्यावा.